सांगोला स्टेशन : त्याचा इतिहास व शेतकऱ्यास त्याचा उपयोग

विहीर किती खोल खणली यावरून तिची किंमत ठरत नाहीं. तिच्या पाण्यावर किती जमीन भिजते यावरून ती ठरते. आगगाडीच्या स्टेशनाचेंहि तसेंच आहे. फलाट किती लांब, इमारत किती नवी, दिवसांतून गाड्या किती जातात, हें पाहून गांवास स्टेशनाचा लाभ किती झाला तें कळत नाहीं. आसपासच्या शेतांतील किती माल तेथून बाहेर पडला आणि त्याचे किती पैसे शेतकऱ्याच्या घरीं परत आले, हेंच खरें माप होय. या मापानें आम्ही आज सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला येथील स्टेशनाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. सांगोला हें तालुक्याचें ठिकाण आहे. परंतु त्याचें स्टेशन लहानच. असें असूनहि देशांतील शंभरावी किसान रेल येथूनच सुटली, आणि पुढें थोड्याच काळांत ती वर्दळ ओसरली. हें कसें घडलें तें समजून घेणें प्रत्येक फळबागवाल्याच्या हिताचें आहे.

लहान गाडी कशी आली

मुंबई-ठाणें ही पहिली आगगाडी १८५३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस धांवली. त्याच ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची लाईन पुण्यापुढें वाढत जाऊन १८६० सालीं सोलापुरास पोंचली, आणि बोरघाटाचें काम १८६३ सालीं पुरें झाल्यावर मुंबईपासून सोलापुरापर्यंत सलग रूळ झाले. परंतु ही मोठी लाईन बार्शी व पंढरपूर या दोन्ही गांवांना बाजूस टाकून गेली. कापसाच्या व्यापाराची मोठी पेठ जी बार्शी, ती स्टेशनापासून सुमारें २० मैल दूर राहिली. तेथील माल बैलगाडीनें ज्या स्टेशनावर येई, त्याला म्हणूनच ‘बार्शी रोड’ हें नांव पडलें. तेंच आजचें कुर्डुवाडी. ज्या स्टेशनाच्या नांवापुढें ‘रोड’ हा शब्द असेल, त्या स्टेशनापासून गांव अजून दूर आहे असें समजावें. सांगोल्याच्या पुढें मिरजेच्या बाजूस ‘जत रोड’ आहे, तेंहि याच अर्थाचें.

ही बैलगाडीची वाट रुळांनीं जोडण्याचें काम एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें हातीं घेतलें. त्याच्या खटपटीनें १८९५ सालीं लंडन येथें ‘बार्शी लाइट रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली, आणि १८९७ सालीं बार्शी रोड ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ सालीं पंढरपूर, १९०७ सालीं तडवळें, १९११ सालीं लातूर आणि १९२७ सालीं मिरज, असे फांटे पुढें वाढत गेले. पंढरपूर ते मिरज या शेवटच्या तुकड्यांत सांगोला येतें. म्हणजे सांगोल्याच्या शेतकऱ्यास आगगाडी मिळाली ती १९२७ सालीं. या कंपनीची सारी लाईन मिळून २०२ मैल, म्हणजे सुमारें ३२५ किलोमीटर, होती. १९५४ सालीं सरकारनें ती विकत घेतली व ती मध्य रेल्वेंत सामील झाली.

या लाईनीचे रूळ अडीच फुटांच्या अंतरानें बसविलेले होते. मोठ्या लाईनीचें अंतर साडेपांच फूट. अंतर कमी ठेवण्याचें कारण खर्च. अरुंद लाईनीस भराव व खोदाई कमी लागते, वळणें अधिक आंखूड घेतां येतात, पूल हलके चालतात. कॅलथ्रॉपनें एक गोष्ट कटाक्षानें पाळली. इंजिनाचा व वाघिणींचा बोजा पुष्कळ चाकांवर वांटून कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं, असा त्याचा नियम होता. त्यामुळें वारास ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळांवरहि मालाच्या बऱ्याच मोठ्या वाघिणी धांवूं शकल्या. जेथें मोठी लाईन परवडणार नाहीं अशा कोरडवाहू मुलखांत आगगाडी नेण्याचा हा मार्ग होता, आणि त्याकाळीं त्याची कीर्ति दूरवर पसरली होती.

वारी आणि दुष्काळ

या लाईनीस दोन वेळां विशेष महत्त्व येई. एक वारीच्या दिवसांत. आषाढी व कार्तिकी एकादशीस पंढरपुरास येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं जादा गाड्या सोडाव्या लागत, आणि डबे अपुरे पडले कीं मालाच्या वाघिणींतूनहि माणसें नेलीं जात. मिरज, सांगली, कोल्हापूर व त्याखालील कर्नाटकाच्या भागांतून येणाऱ्या वारकऱ्यांची गाडी सांगोल्यावरूनच पंढरपुरास जाई. तेथून पंढरपूर सुमारें ३० किलोमीटरांवर आहे. आजहि यात्रेच्या दिवसांत या मार्गावर जादा गाड्या सोडण्याचा प्रघात आहे.

दुसरी वेळ दुष्काळाची. सोलापूर जिल्ह्याचा हा नैर्ऋत्य भाग अवर्षणाचा. माण नदीच्या खोऱ्यांत पाऊस बेभरंवशाचा. बार्शीची लाईन सुरू झाली त्याच सुमारास, म्हणजे १८९६-९७ सालीं, दख्खनेंत मोठा दुष्काळ पडला होता, व पुढें १८९९-१९०० सालीं दुसरा आला. दुष्काळांत माणसें मरतात तीं देशांत धान्य नसतें म्हणून नव्हे, तर जेथें धान्य आहे तेथून जेथें नाहीं तेथें तें वेळेवर पोंचत नाहीं म्हणून. सुकाळांत रूळ धान्य बाहेर नेतात आणि भाव चढवितात, हा आक्षेप त्याकाळींहि घेतला जाई व तो अगदीं निराधार नव्हता. तथापि ज्या तालुक्यांत बैलांस वैरणच उरली नाहीं तेथें धान्य आणण्यास बैलगाडी निरुपयोगी, हेंहि तितकेंच खरें.

तीन रुंदीचे रूळ आणि नासका माल

लहान लाईन स्वस्त होती. परंतु तिच्यांत एक मोठें वैगुण्य होतें. सांगोल्याहून निघालेली वाघीण कुर्डुवाडीपर्यंत किंवा मिरजेपर्यंतच जाऊं शके. कुर्डुवाडीस साडेपांच फुटांची मोठी लाईन. मिरजेस प्रथम एक मीटर रुंदीची, आणि १९७१ च्या सुमारास पुणें-मिरज हा मार्ग रुंद झाल्यावर तर एकाच गांवीं तीन रुंदीचे रूळ अशी स्थिति. दोन्ही टोकांस माल एका वाघिणींतून उतरून दुसरींत भरल्यावांचून गति नव्हती.

ज्वारीचें पोतें, शेंगांचें पोतें किंवा कापसाचा गठ्ठा असेल तर या उतरण्या-चढविण्यानें फारसें बिघडत नाहीं. हमाली पडते, दोन दिवस मोडतात, पोतें एखाद्या ठिकाणीं फाटतें. परंतु फळाची गोष्ट वेगळी आहे. तोडलेलें फळ मेलेलें नसतें. तें श्वास घेत असतें आणि स्वतःची उष्णता सोडीत असतें. बंद वाघिणींत तें तापतें, आदळल्यानें डागाळतें, आणि डागाळलेलें एक फळ पेटींतील बाकीच्यांस नासवितें. म्हणून नाशवंत मालाच्या दृष्टीनें ज्या वाटेंत माल मध्येंच उतरावा लागतो ती वाट बंदच समजावी. सांगोल्याचा डाळिंबवाला कित्येक वर्षें स्टेशन दारांत असूनहि माल ट्रकनेंच कां पाठवीत राहिला, याचें मुख्य उत्तर हें आहे.

ही अडचण या शतकाच्या पहिल्या काहीं वर्षांत दूर झाली. कुर्डुवाडी-पंढरपूर हा तुकडा प्रथम रुंद झाला, लातूरच्या बाजूचें काम २००७-०८ सालीं झालें, आणि पंढरपूर-मिरज हा तुकडा २०१०-११ च्या सुमारास पुरा होऊन जुनी लहान गाडी इतिहासजमा झाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत मध्य रेल्वेच्या साऱ्या रुंद मार्गांचें विद्युतीकरणहि संपलें. आतां सांगोल्याच्या फलाटावर भरलेला डबा न उघडतां थेट दिल्लीस वा कलकत्त्यास जाऊं शकतो. ज्यांनीं लहान गाडीच्या जाण्याबद्दल हळहळ व्यक्त केली त्यांच्या भावनेचा आम्हांस आदर आहे. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें स्टेशनाचा खरा जन्म रूळ रुंद झाले त्याच दिवशीं झाला.

किसान रेल

दरम्यान तालुक्याची शेतीहि पालटली होती. ज्या मुरमाड, हलक्या जमिनींत ज्वारी-बाजरीखेरीज कांहीं येत नसे, तेथें ठिबकच्या पाण्यावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. प्रथम ‘गणेश’ व पुढें ‘भगवा’ या जातींच्या. डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरास आहे, आणि ‘सोलापूर डाळिंब’ या नांवास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. डाळिंबाची साल जाड असल्यामुळें तें लांबच्या प्रवासास योग्य. मात्र केळ्या-आंब्याप्रमाणें तें तोडल्यावर पिकत नाहीं, म्हणून झाडावर पूर्ण तयार झालेलेंच फळ तोडावें लागतें आणि तेथून पुढें प्रत्येक दिवस मोजावा लागतो.

२०२० सालच्या फेब्रुवारींतील केंद्रीय अंदाजपत्रकांत किसान रेलची घोषणा झाली. पहिली गाडी त्याच वर्षाच्या ७ ऑगस्ट रोजीं नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारांतील दानापुरास निघाली. अंतर १,५१९ किलोमीटर. वेळ सुमारें ३२ तास. लौकरच ती मुजफ्फरपुरापर्यंत वाढविण्यांत आली, आणि सांगोल्याहून एक जोडगाडी सोडून तिचे डबे मनमाड येथें या गाडीस जोडण्याची व्यवस्था झाली. पुढें सांगोल्याहून स्वतंत्र गाड्या दिल्लीच्या आदर्शनगरास व इतरत्र सुटूं लागल्या. २८ डिसेंबर २०२० रोजीं देशांतील शंभरावी किसान रेल पंतप्रधानांच्या हस्तें, दूरदृश्य पद्धतीनें, सांगोल्याहून कलकत्त्याजवळील शालिमार स्टेशनाकडे रवाना झाली. हें अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. तींत डाळिंबांबरोबर द्राक्षें, संत्रीं, केळीं, सीताफळें, कांदा, कोबी, फुलकोबी, ढोबळी मिरची, शेवगा असा नानाविध माल घेण्याची सोय होती.

या गाडीचे तीन गुण होते. पहिला, ती ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या मार्गानें जाई. त्यामुळें तोडणीचा दिवस आधीं ठरवितां येई. दुसरा, अमुक इतकाच माल असला पाहिजे अशी खालची मर्यादा नव्हती. अख्खा डबा भरण्याची ऐपत नसलेला लहान शेतकरी पांच-दहा पेट्याहि देऊं शके. तिसरा, ऑक्टोबर २०२० पासून फळें व भाजीपाला यांच्या भाड्यांत केंद्र सरकारच्या अन्नप्रक्रिया खात्याकडून निम्मी सवलत मिळूं लागली.

हा तिसरा गुणच पुढें उणीव ठरला. सवलतीचा तो काळ मार्च २०२२ अखेर संपला, आणि तिच्या जोरावर चाललेली वर्दळहि ओसरत गेली. याच सुमारास तेल्या रोग, मर, आणि खोडास भोकें पाडणारी कीड यांनीं तालुक्यांतील पुष्कळ बागा बसविल्या, त्यामुळें भरावयास मालहि पूर्वीइतका राहिला नाहीं. या दोन कारणांपैकीं कोणतें किती, याचा वाद घालण्यापेक्षां त्यांतून निघणारा बोध घेणें बरें. सवलत ही रोपाच्या आधारास बांधलेली काठी आहे. काठी काढतांच रोप आडवें होत असेल, तर मुळें धरलीं नव्हतीं असें समजावें.

मुळें कशीं धरतील

आगगाडी ट्रकपेक्षां स्वस्त पडते ती एकाच अटीवर : डबे भरलेले असले पाहिजेत, आणि ते नियमानें भरत गेले पाहिजेत. ट्रक शेताच्या बांधावर येतो, गाडी येत नाहीं. म्हणून रेल्वेच्या भाड्यांत बागेपासून स्टेशनापर्यंतचें भाडें, तेथील हमाली, पलीकडील स्टेशनापासून बाजारापर्यंतचें भाडें व पुन्हां हमाली हीं चार कलमें मिळवून मगच ट्रकशीं तुलना करावी. जवळच्या बाजारास, म्हणजे पुण्या-मुंबईस, ट्रकच सोयीचा ठरण्याचा संभव अधिक. अंतर जसजसें वाढतें तसतशीं हीं चार कलमें एकंदर खर्चांत लहान होत जातात, आणि रुळांचा फायदा दिसूं लागतो. सांगोल्याच्या गाड्या बिहार, बंगाल, दिल्ली याच दिशांनीं कां गेल्या, तें यावरून ध्यानांत येईल.

डबा भरण्याचें काम एकट्यादुकट्याचें नाहीं. येथें शेतकऱ्यांच्या संघाचें काम सुरू होतें. महसुली दप्तरांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : ज्याच्याजवळ आंकडे नाहींत त्याचा अर्ज कोणी वाचीत नाहीं. सात-बारावर डाळिंबाचें क्षेत्र सांपडतें. परंतु कोणत्या गांवीं, कोणत्या पंधरवड्यांत, किती पेट्या निघणार आणि त्यांतील किती दूरच्या बाजारास जाणार, हें सात-बारावर लिहिलेलें नसतें. तें शेतकऱ्यांनीं स्वतःच लिहून काढलें पाहिजे. प्रत्येक गांवांतील सभासदांनीं बहार धरतांनाच अशी नोंद केली, आणि तोडणीपूर्वीं महिनाभर ती एकत्र करून रेल्वेच्या विभागीय वाणिज्य अधिकाऱ्यांकडे नेली, तर ती विनंति राहत नाहीं; ती मालाची मागणी होते. रेल्वे ही मालावर चालते. भरलेला डबा दिसला तर तो नाकारण्यांत तिचेंहि हित नाहीं.

माल पाठवितांना घ्यावयाची खबरदारी

कागद नीट नसेल तर चांगला मालहि बुडतो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकानें ध्यानांत ठेवाव्या.

१. पेटीवर पाठविणाराचें नांव, घेणाराचें नांव व पोंचावयाचें स्टेशन ठळक व न पुसणाऱ्या शाईनें लिहावें. पेटीस हवेसाठीं भोकें असावीं, आणि थर रचतांना तीं बुजूं देऊं नयेत.

२. मधल्या स्टेशनांवर गाडी थोडाच वेळ थांबते. माल आधींच वजन करून फलाटावर रचून ठेवावा. गाडी आल्यावर वजन करूं म्हणणाऱ्याचा माल मागें राहतो.

३. माल देतांना फॉरवर्डिंग नोट नांवाचा छापील कागद भरून द्यावा लागतो. त्यांत मालाचें वर्णन व वजन खरें लिहावें. खोटें वजन उघडकीस आल्यास दंडाचें भाडें पडतें, आणि नुकसान झाल्यास भरपाईचा हक्कहि लुळा पडतो.

४. त्याच कागदावर माल मालकाच्या जोखमीवर पाठवावयाचा कीं रेल्वेच्या जोखमीवर, हें लिहिलेलें असतें. मालकाच्या जोखमीचा दर कमी असतो. पण मग रेल्वेच्या नोकरांची हयगय किंवा गैरवर्तन झाल्याचें सिद्ध केल्याखेरीज भरपाई मिळत नाहीं. सही करण्यापूर्वीं हें वाचून घ्यावें. मालाची किंमत आगाऊ जाहीर न केल्यास भरपाईस कायद्यानें वरची मर्यादा पडते, हेंहि विसरूं नये.

५. रेल्वे-पावती, जिला बाजारांत बिल्टी म्हणतात, ती मालापेक्षां जपावी. ती ज्याच्या हातीं, माल त्याच्या हातीं. तिचा नंबर वहींत उतरून घेऊन मगच ती अडत्याकडे पाठवावी.

६. पलीकडे माल पोंचण्याआधींच घेणारा स्टेशनावर हजर असावा. रेल्वे अधिनियम १९८९ प्रमाणें नाशवंत मालाचा प्रवास संपल्यावर पुढील नुकसानीची जबाबदारी रेल्वेवर राहत नाहीं. उशीर झाला तर माल नासतो, आणि वर जागेचा आकारहि भरावा लागतो.

७. माल कमी उतरला किंवा खराब उतरला, तर तो ताब्यांत घेण्यापूर्वींच स्टेशनावर लेखी नोंद करून घ्यावी. भरपाईची लेखी मागणी माल रेल्वेच्या हवालीं केल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आंत पोंचली पाहिजे. हे सहा महिने पुष्कळांचे, अडत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबून, फुकट जातात. रेल्वेकडून समाधान न झाल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातां येतें.

सांगोल्यास १९२७ सालीं रूळ आले, पुढें ते रुंद झाले, आणि २०२० सालीं सबंध देशाचें लक्ष तिकडे वेधलें. यांपैकीं कोणतीहि गोष्ट शेतकऱ्याच्या हातची नव्हती. आतां जी उरली आहे ती मात्र सर्वस्वीं त्याच्या हातची आहे. सरकार सवलत देईल किंवा न देईल. रूळ तेथेंच आहेत. येत्या बहाराच्या आधीं गांवोगांवच्या सभासदांनीं पेट्यांची नोंद सुरू करावी. ज्या स्टेशनाच्या भोंवतीं अशी वही लिहिली जाईल, तेथील गाडी रिकामी जाणार नाहीं. आणि जी गाडी रिकामी जात नाहीं ती सहसा बंदहि पडत नाहीं.